गिगाहर्ट्झच्या आकड्याने काय कळते आणि काय नाही

‘ज्याचे गिगाहर्ट्झ जास्त, तो संगणक हमखास वेगवान’ हा संदेश चवथीच्या खरेदीच्या दिवसांत गोव्यात वर्षानुवर्षे फिरतो. प्रोसेसर, म्हणजे संगणकातील मुख्य चिप, सेकंदाला किती अब्ज ठोक्यांनी चालते हे गिगाहर्ट्झ सांगतात. एकाच घडणीच्या दोन प्रोसेसरांची तुलना करताना हा संदेश बऱ्याच अंशी खरा ठरतो, म्हणूनच तो सहज पटतो. मात्र या आकड्यावरून प्रोसेसर आणि इतर चिप यांच्यातील कामाची वाटणी कळत नाही.

१९८४ च्या मॅकिंटॉश संगणकामध्ये ६८००० नावाचा प्रोसेसर ७.८३ मेगाहर्ट्झवर (एक मेगाहर्ट्झ म्हणजे गिगाहर्ट्झचा हजारावा भाग) चाले, तर १९८५ च्या अमिगा संगणकामध्ये तोच प्रोसेसर किंचित मंद, सुमारे ७.१ मेगाहर्ट्झवर. तरीही मॅकिंटॉशचा पडदा कृष्णधवल होता आणि अमिगाकडे ४,०९६ रंगांचा संच होता, कारण तिच्यासाठी अ‍ॅग्नस, डेनिस व पॉला या तीन चिप खास घडवल्या होत्या. चित्राचे तुकडे मेमरीत हलवण्याचे काम अ‍ॅग्नसमधला ब्लिटर करी, चार वाहिन्यांचा आवाज पॉला सांभाळी आणि प्रोसेसर इतर कामांना मोकळा राही. ही रचना मला आजही विलक्षण वाटते.

पडताळा घरीच घेता येतो. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून, ब्राउझर पुन्हा उघडून एखादा व्हिडिओ लावावा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूची, म्हणजे प्रोसेसरच्या वापराची, टक्केवारी पाहावी; मग ते चालू करून ब्राउझर पुन्हा उघडावा आणि तोच व्हिडिओ लावावा. प्रोसेसर तोच असूनही टक्केवारी बहुधा उतरलेली दिसेल, कारण व्हिडिओ उलगडण्याचे काम आता त्यासाठीच बनवलेला वेगळा भाग करतो.