शार्कदंत जीवाश्म आणि किनाऱ्यालगतचे डायव्हिंग

शार्कदंत जीवाश्म : शार्क (मुशी) माशांचे गाळखडकात टिकून राहिलेले दात. उष्ण समुद्राच्या काही किनाऱ्यांवर हौशी पाणबुडे होडी न घेता थेट वाळूवरून पाण्यात उतरतात आणि तळावर सुटे पडलेले असे दात वेचतात. स्कूबा साधने सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्यावर, म्हणजे सु. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, हा छंद रूढ झाला. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्याच्या मेक्सिको आखाताकडील बाजूस असलेले व्हेनिस हे गाव त्याचे सर्वांत परिचित केंद्र आहे. नागपूर परिसरातही शार्कवर्गीय माशांचे दात हा अभ्यासाचा विषय आहे. मात्र ते समुद्रात नव्हे, तर दख्खनच्या काळ्या पाषाणाखालील व त्याच्या थरांमधील गाळखडकांत शोधले जातात.

शार्कचा सांगाडा कूर्चेचा असतो आणि मृत्यूनंतर तो बहुधा कुजून जातो. दात मात्र आयुष्यभर झडतात व त्यांच्या जागी मागच्या ओळीतील नवे पुढे सरकतात. एक मासा अशा रीतीने हजारो दात समुद्रतळावर टाकतो. दातावरील चकचकीत आवरण फ्लोरिनयुक्त ॲपेटाइटचे असल्याने ते सहजासहजी विरघळत नाही. जीवाश्माचा काळा, राखाडी किंवा तपकिरी रंग हा गाडल्या गेलेल्या गाळातील फॉस्फेट, लोह, मँगनीज यांसारख्या द्रव्यांमुळे येतो. रंग गडद म्हणून दात अधिक जुना, हा समज निराधार आहे.

व्हेनिस, कॅस्परसन बीच व मनासोटा की या पट्ट्यात किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, सु. ५ ते १० मी. खोलीवर, वाळूच्या पातळ थराखाली खडीचे पट्टे आहेत. इतक्या कमी खोलीत निर्विसंपीडन मर्यादेची (वाटेत न थांबता थेट वर येता यावे यासाठी पाळायच्या वेळेच्या मर्यादेची) फारशी चिंता नसते. टाकीतील हवा संपली की बुडी संपते. पाणबुडे नेहमीपेक्षा थोडे जास्त वजन बांधून तळाला धरून राहतात, हाताच्या हालचालीने वाळू बाजूला सारतात आणि उघड्या पडलेल्या खडीतून दात वेचून जाळीच्या पिशवीत टाकतात. पाण्याची स्वच्छता हीच खरी अडचण असते. वारा सुटला की लाटांनी गाळ ढवळला जातो आणि हाताच्या अंतरापलीकडचे दिसत नाही; म्हणून समुद्र काही दिवस शांत राहिल्यावर उतरण्याची प्रथा आहे. पाण्याखाली माणूस असल्याची खूण म्हणून तांबड्या रंगावर तिरपा पांढरा पट्टा असलेले निशाण तरंगते ठेवणे फ्लॉरिडात कायद्याने बंधनकारक आहे. त्या राज्यात सरकारी जमिनीवरील व पाण्याखालील पृष्ठवंशीय जीवाश्म गोळा करण्यास परवाना लागतो. शार्कचे दात त्यातून वगळले आहेत, आणि या छंदाच्या प्रसारास ही सवलत बरीच कारणीभूत असावी.

या पट्ट्यातील बहुतेक दात मायोसीन ते प्लायोसीन काळातील (सु. २.३ कोटी ते २६ लाख वर्षांपूर्वीचे), मुख्यतः हॉथॉर्न या शैलगटातील पीस रिव्हर शैलसमूहातून सुटलेले मानतात. मूळ थर झिजताना बारीक माती व वाळू वाहून जाते आणि सुपात पाखडल्यावर जड दाणे मागे राहावेत तसे दात व हाडे जागीच साचतात. त्यामुळे एकाच खळग्यात मेगालोडॉन या विलुप्त महाकाय शार्कचा दात, समुद्रगायीच्या निबर फासळ्या आणि हिमयुगीन घोड्याची दाढ शेजारीशेजारी सापडते. हे प्राणी एकत्र नांदत नव्हते. त्यांच्यामध्ये लक्षावधी वर्षांचे अंतर आहे. वेचलेला दात कोणत्या माशाचा, हे आकारावरून बहुधा सांगता येते. तो केव्हाचा, हे केवळ सापडलेल्या जागेवरून सांगता येत नाही. लोकप्रिय लिखाणात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

मेगालोडॉन केव्हापर्यंत जिवंत होता, हा वाद याच गल्लतीतून उद्भवला. आधी त्याच्या नावाविषयी. या विलुप्त शार्कचे सर्वांत मोठे दात तिरप्या कडेने मोजल्यास सु. १८ सेंमी. भरतात. निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासी यांनी त्याला कार्कारोडॉन प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) ठेवले. नामकरणाचे वर्ष काही ग्रंथांत १८३५, तर काहींत १८४३ असे दिलेले आढळते. आगासी यांचा ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध झाल्याने हा घोळ झाला असून १८४३ अधिक ग्राह्य दिसते. पुढे हा मासा आजच्या पांढऱ्या शार्कचा पूर्वज नव्हे, तर वेगळ्या शाखेतला, असे मत बळावले. त्यानुसार त्याला कार्कारोक्लीस व अलीकडे ओटोडस या प्रजातींत हलविण्यात आले. यांपैकी ओटोडस हे नाव सध्या अधिक प्रचलित आहे.

चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाच्या समुद्रसंशोधन मोहिमेत (१८७२–७६) प्रशांत महासागराच्या खोल तळातून मेगालोडॉनचे दात वर आले. त्यांच्यावरील मँगनीजच्या पुटाची जाडी मोजून चेर्नेत्स्की यांनी १९५९ मध्ये त्यांचे वय सु. ११,००० व २४,००० वर्षे काढले आणि हा मासा अगदी अलीकडेपर्यंत जिवंत असावा, असा तर्क पुढे आला. मात्र मँगनीजचे पुट साचण्याचा वेग ठिकाणागणिक फार बदलतो; शिवाय पुट दात उघडा पडल्यावर चढते, मासा मेल्यावर लगेच नव्हे. थरांतील स्थान निश्चित असलेल्या दातांवर आधारलेल्या अभ्यासांत विलोपाचा काळ आधी सु. २६ लाख वर्षांपूर्वीचा आणि २०१९ मधील फेरतपासणीत सु. ३६ लाख वर्षांपूर्वीचा ठरला. संशयास्पद, म्हणजे नव्या थरात वाहून आलेले, नमुने गाळल्यामुळे हा फरक पडला. दुसरा आकडा त्यामुळेच अधिक विश्वसनीय वाटतो.

मध्ययुगीन यूरोपात हे दात दगड झालेल्या जिभा समजले जात व विषबाधेवर उतारा म्हणून बाळगले जात. फाब्यो कोलोन्ना (१६१६) आणि विशेषतः निल्स स्टेन्सेन ऊर्फ स्टेनो (१६६७) यांनी ते शार्कचेच असल्याचे दाखविले. १६६६ मध्ये लिव्होर्नोजवळ पकडलेल्या शार्कच्या डोक्याचे स्टेनो यांनी विच्छेदन केले होते. समुद्री प्राण्याचा अवयव डोंगरातील खडकात कसा गेला, या प्रश्नातूनच त्यांचे थरांविषयीचे विचार पुढे आले.

नागपूर परिसर : वरील प्रश्न विदर्भात उलट दिशेने पडतो. येथे दात आपल्या मूळ थरातच आहे, पण समुद्र शेकडो किलोमीटर दूर. नागपूर भागातील जीवाश्मांचा पद्धतशीर शोध स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी सुरू केला. हिस्लॉप व त्यांचे सहकारी हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरील निबंध १८५५ चा. टाकळी व सीताबर्डी टेकडी येथे बेसाल्टच्या (काळ्या पाषाणाच्या) थरांमध्ये सापडलेल्या गाळखडकांतून त्यांनी गोड्या पाण्यातील गोगलगायी, फळे-बिया, कीटकांची पंखकवचे आणि माशांचे अवशेष गोळा केले आणि हे थर गोड्या पाण्याच्या तळ्यात साचले, असे मत मांडले. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ नाल्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. नागपुरातील त्यांच्या नावाचे महाविद्यालय सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे भूविज्ञानातील काम त्या मानाने विस्मरणात गेले. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथील लॅमेटा थरांतील (बेसाल्टखालील गाळखडकांतील) माशांचे वर्णन ब्रिटिश पुराजीवशास्त्रज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये केले, तेव्हा त्यांतील एका जातीस त्यांनी हिस्लॉप यांचे नाव दिले.

या थरांच्या वयावर दीर्घकाळ मतभेद होते. हिस्लॉप यांनी ते तृतीय कल्पातील, म्हणजे डायनोसॉरांच्या विलोपानंतरचे, मानले. १९३० च्या दशकात पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी यांनीही छिंदवाडा भागातील वनस्पती जीवाश्मांवरून तोच पक्ष उचलून धरला. १९८० नंतर पारडे क्रिटेशसच्या (डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडाच्या) अखेरीकडे फिरले. त्यात डायनोसॉर अवशेष, कॅरोफायटा शैवले व बेसाल्टचे किरणोत्सर्गी कालमापन यांच्याबरोबर इग्डाबॅटिस या पाकटाच्या दातांचाही वाटा आहे. ही प्रजाती मुळात नायजर देशातील क्रिटेशसच्या अखेरच्या (मास्ट्रिख्टियन) थरांवरून १९७२ मध्ये कापेत्ता यांनी स्थापिली. तिचे दात पिजदुरा (चंद्रपूर) तसेच तेलंगणातील आसिफाबाद व मारेपल्ली येथून नोंदले गेले. प्रसाद व कापेत्ता यांनी १९९३ मध्ये भारतीय जातीचे वर्णन इग्डाबॅटिस इंडिकस म्हणून केले. हे दात चपटे, षट्कोनी व फरशीसारखे एकमेकांना भिडलेले असतात आणि शिंपल्यांचे कवच चिरडण्याच्या कामी येतात. त्यांचा आकार काही मिलिमीटरच असतो. खडक भिजवून वा सौम्य आम्लात विरघळवून, बारीक चाळणीतून धुऊन, उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली निवडावा तेव्हा ते हाती लागतात. याच पद्धतीने नागपूर शहरातील गिट्टीखदान येथून मासे व बेडूक यांचे सूक्ष्म अवशेष मिळाले (गाये, राज व राणा, १९८४).

पाकट हा प्रामुख्याने सागरी गट. मग क्रिटेशसच्या अखेरीस मध्य भारतात समुद्र आला होता का? एका मतानुसार नर्मदा किंवा गोदावरीच्या खचदरीतून समुद्राची शाखा आत शिरली होती. नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील आंतरबेसाल्टी थरात प्लवकी फोरॅमिनिफेरा (समुद्रात तरंगणारे एकपेशीय कवचधारी जीव) मिळाल्याने (केलर व इतर, २००९) या मताला जोर आला. दुसऱ्या मतानुसार नागपूर–चंद्रपूर भागातील लॅमेटा थर नद्या, तळी व मृदा यांतून बनलेले, म्हणजे असागरी आहेत (मोहबे, उधोजी व वर्मा, १९९३). इग्डाबॅटिसच्या सोबत मिळणारे ‘गार’ नावाचे मासे, बेडूक, ऑस्ट्राकोड (बारीक कवचधारी प्राणी) व कॅरोफायटा हे बहुतांशी गोड्या पाण्याचे रहिवासी आहेत. स्पेनमध्येही हे पाकट किनाऱ्यालगतच्या, पण खुल्या समुद्रातील नसलेल्या थरांत आढळले आहे. झिलमिलीचा पुरावा मुख्यतः डेनियन काळाच्या, म्हणजे क्रिटेशसनंतर लगेचच्या कालखंडाच्या, आरंभाचा असून तो नागपूर–चंद्रपूरच्या जुन्या थरांना सरसकट लागू करता येत नाही. नदीमुखांतून आत शिरणाऱ्या पाकटाची कल्पना उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. मात्र किनारा आजच्यापेक्षा बराच जवळ होता, एवढे तरी मान्य करावे लागते.

शार्कचा दात म्हणजे समुद्र, हे समीकरण याच प्रदेशात अन्यत्रही टिकत नाही. प्राणहिता–गोदावरी खोऱ्यातील मलेरी शैलसमूहातून (ट्रायासिक, म्हणजे जुरासिकच्या आधीच्या काळातील) जैन यांनी १९८० मध्ये झेनाकॅन्थस या दुहेरी टोकांच्या दाताच्या शार्कची एक जात वर्णिली; हा गट प्रामुख्याने नद्या-तळ्यांतला. सिरोंचाजवळील कोटा गावावरून नाव पडलेल्या कोटा शैलसमूहात हायबोडॉन्ट या विलुप्त गटातील शार्कचे बारीक दात मिळतात. लॉन्किडिऑन इंडिकस ही त्यांतली एक जात यादगिरी यांनी १९८६ मध्ये नोंदली. या शैलसमूहाचे वय पूर्वी जुरासिकच्या आरंभीचे मानीत. अलीकडे काही जण तो वरच्या भागात जुरासिकच्या उत्तरार्धापर्यंत किंवा त्याही पुढे नेतात. आजही गंगा शार्क नदीत राहतो आणि बुल शार्क नद्यांतून बराच आत येतो.

कोकण : तारकर्ली–मालवण येथे स्कूबा डायव्हिंगची सोय असून विदर्भातील हौशी लोकही तेथे जातात. कोकणच्या उत्तर भागात बेसाल्ट, दक्षिणेस त्याहून प्राचीन खडक आणि वर जांभा अशी रचना असल्याने हा किनारा शार्कदंतांसाठी ओळखला जात नाही. भारतात मायोसीन शार्कदंत कच्छ आणि ओडिशातील बारीपदा येथील थरांतून ज्ञात आहेत. ती क्षेत्रे जमिनीवरची आहेत.

गिट्टीखदान व टाकळी हे दोन्ही भाग आता नागपूरच्या दाट वस्तीत आले असून विहिरी, पाये व रस्त्यांच्या खोदकामात उघडे पडणारे थर हाच तेथील नव्या नमुन्यांचा मुख्य मार्ग उरला आहे. अशा वेळी सुटा दात उचलण्याआधी थराची जाडी, खालच्या-वरच्या बेसाल्टपासूनचे अंतर आणि सोबतचे शंख-शिंपले यांची जागेवर नोंद करणे आवश्यक असते.