टीबीचा जंतू अंगात, पण टीबी नाही

घरात एकाला फुफ्फुसाचा टीबी निघाला की बाकीच्यांची तपासणी होते. हातावर मॉन्टू टेस्टचं इंजेक्शन देतात आणि दोन-तीन दिवसांनी तिथे आलेला टणक फुगवटा पट्टीने मोजतात. तो 10 मिलिमीटर किंवा जास्त भरला की "हिलाही टीबी झाला" म्हणत तिचं ताट-भांडं वेगळं काढतात. हे पाहवत नाही. शरीराची त्या जंतूशी ओळख झालीय, एवढंच ही चाचणी सांगते (कधी बीसीजी लशीमुळेही फुगवटा येतो). रोग आहे का, ते लक्षणं, छातीचा एक्स-रे आणि बेडक्याच्या तपासणीवरून ठरतं.

रुग्णाच्या खोकल्यातून हवेत आलेला जंतू दुसऱ्याच्या फुफ्फुसात खोलवर पोचतो. तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण त्याचं मेणचट आवरण सहजी पचत नाही. मग आणखी पेशी जमतात आणि त्याच्याभोवती कडं करतात. यालाच ग्रॅन्युलोमा म्हणतात. आतला जंतू मरत नाही, पसरतही नाही. अशा माणसाला ना ताप, ना खोकला, आणि त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही. जगातल्या सुमारे एक-चतुर्थांश लोकांना असा संसर्ग आहे. त्यांतल्या 5 ते 10 टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो, तोही बहुधा पहिल्या दोन वर्षांत.

हे कडं एचआयव्हीने ढिलं पडतं, मधुमेहाने पडतं. आपल्याकडे मात्र त्यामागे अर्धपोटी राहणं फार मोठं आहे. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना जादा धान्य-डाळ देऊन पाहिलं. 2023 साली निष्कर्ष आले: त्या घरांत टीबीचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी घटलं. औषध नव्हे, जेवण!

उपचारही वेगळे. रोगात जंतू अफाट वाढलेले असतात, म्हणून सुरुवातीला चार औषधं एकत्र आणि एकूण बहुधा सहा महिन्यांचा कोर्स देतात. संसर्गात जंतू मोजके, तिथे रोज आयसोनियाझिड सहा महिने, किंवा रिफापेंटिनच्या जोडीने आठवड्यातून एकदा असे 12 डोस पुरतात. पण रोग नाही याची आधी खात्री हवीच. रोग असताना एकट्या आयसोनियाझिडवर ठेवलं, तर त्या औषधाला न जुमानणारे जंतूच मागे उरतात आणि वाढतात.

पाच वर्षांखालच्या मुलांत संसर्गाचा रोग व्हायला वेळ लागत नाही. म्हणून घरात रुग्ण असेल, तर मुलाला रोग नाही एवढं पाहून, मॉन्टूसाठी न थांबता प्रतिबंधक औषध सुरू करतात.