बार चुकतो डोक्यावर, बिघडतो गुडघ्याखाली
वेटलिफ्टिंग शिकायला येणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी माहिती

आमच्या वर्गात स्पर्धेतलं वेटलिफ्टिंग शिकवलं जातं, म्हणजे स्नॅच आणि क्लीन अँड जर्क. स्नॅचमध्ये बार जमिनीवरून एका ओढीत थेट डोक्यावर जातो. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यावर येतो आणि मग तिथून डोक्यावर. प्रत्येक प्रकारात तीन प्रयत्न मिळतात. दोन्हींतल्या सर्वांत जड यशस्वी लिफ्टची बेरीज म्हणजे तुमचं टोटल. पूर्वी प्रेस, म्हणजे खांद्यावरचा बार नुसत्या हातांच्या जोरावर डोक्यावर ढकलणं, हा तिसरा प्रकार होता. खेळाडू मागे इतके झुकायला लागले की नियमात काय बसतं हे ठरवणं पंचांना अवघड झालं, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर तो बंद झाला. बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट पॉवरलिफ्टिंगमध्ये येतात. तो खेळ वेगळा. नुसते दंड भरायचे असतील तर कोल्हापुरात जिमना तोटा नाही.

नाव घालायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती दिवसांत किती किलो?" आम्ही किलोचा वायदा करत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये मीराबाई चानूने ४९ किलो वजनगटात ८७ आणि ११५, एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळवलं. आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार दंडाच्या ताकदीवर डोक्यावर जात नाही. बारला वेग देतात मांड्या आणि कंबर. जड स्नॅचमध्ये बार जेमतेम पोटाच्या वरपर्यंत चढतो. उरलेलं अंतर खेळाडू चपळाईने खाली बसून भरून काढतो. त्यामुळे वजन किती यापेक्षा बार कुठल्या वाटेने वर गेला, हे आम्ही आधी बघतो.

सुरुवात काठीने

पहिले दोन ते तीन आठवडे हातात काठी किंवा प्लास्टिकचा पाइप असतो, नंतर रिकामा बार. पुरुषांचा बार २० किलोचा, २२० सेंटिमीटर लांब आणि २८ मिलिमीटर जाड असतो. महिलांचा १५ किलोचा, २०१ सेंटिमीटर लांब आणि २५ मिलिमीटर जाड. लहान मुलांना यापेक्षा हलके बार देतो.

शिकवण्याचा क्रम वरून खाली. आधी काठी डोक्यावर धरून पूर्ण बैठक, मग कंबरेपासून स्नॅच, मग गुडघ्याच्या वरून, मग गुडघ्याखालून आणि शेवटी जमिनीवरून. जमिनीवरून सुरुवात केली तर मूल पहिल्याच दिवशी बार हाताने खेचायला शिकतं. ती खोड मोडायला पुढे महिने जातात.

पकड दोन रुंदीची. स्नॅचसाठी सरळ उभं राहून हात मोकळे सोडल्यावर बार मांडी आणि पोट जिथे दुमडतात त्या घडीत बसला पाहिजे, तितके हात लांब. क्लीनसाठी खांद्याच्या थोडं बाहेर, साधारण एक अंगठा. पकड हुक ग्रिपचीच: अंगठा बारला लपेटायचा आणि त्याच्यावर तर्जनी व मधलं बोट दाबायचं. पहिले पंधरा दिवस अंगठा ठणकतो. ताणणारी टेप लावा, पण पकड बदलू नका. साध्या मुठीतून बार सुटतो तो सर्वाधिक वेगाच्या क्षणी, म्हणजे नको त्या वेळी.

जमीन ते गुडघा

या टप्प्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ घालवतो. पावलं कंबरेच्या रुंदीइतकी. वरून पाहिलं तर बार बुटाच्या लेसवर दिसतो, नडगीपासून दोन बोटांवर. कंबर गुडघ्यापेक्षा वर, खांदे बारच्या किंचित पुढे, पाठ ताठ, कोपरं बाहेरच्या बाजूला वळलेली. पोटात श्वास भरून रोखायचा, आणि बार उपटायचा नाही: पायांनी जमीन दाबत सुटायचं.

बार गुडघ्यापर्यंत येताना पाठीचा जमिनीशी असलेला कोन बदलता कामा नये. गुडघे मागे सरकून बारला वाट देतात आणि बार किंचित अंगाकडे येतो. गुडघा ओलांडल्यावर गुडघे पुन्हा बारखाली पुढे येतात, धड उभं होतं, बार मांडीला घासत वर सरकतो. तिथून पुढे सगळा स्फोट.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे कंबर आधी वर जाणं. बार जमिनीवरच असतो आणि कंबर चार बोटं चढलेली असते. पाठ आडवी होते, खांदे फार पुढे जातात, बार अंगापासून सुटतो. मग त्याला परत आणायला खेळाडू कंबरेने धडक मारतो, बार पुढे उडतो आणि त्याला पकडायला दोन्ही पाय पुढे उडी घेतात. बघणारा म्हणतो, "हात कमी पडले." हात कमी पडलेले नसतात. सुरुवातीला कंबर फार खाली ठेवली असेल, उठताना घाई झाली असेल, मांड्या कमजोर असतील किंवा वजनच जास्त असेल. कारण कोणतं हे कळल्याशिवाय उपाय सांगता येत नाही. पहिल्या दोन्हींवर औषध एकच: बार गुडघ्याखाली दोन सेकंद थांबवून मग पुढची ओढ. मांड्या कमजोर असतील तर फ्रंट स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यांवर समोर धरून बैठका. वजन जास्त असेल तर प्लेट काढणे, जे कुणालाच आवडत नाही.

दुसरी चूक, कोपर लवकर वाकणं. हात हे इथे दोर आहेत. दोर वाकला की पायांचा जोर बारपर्यंत पोचत नाही.

तालमीतून येणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात निम्मी पोरं तालमीतून येतात, म्हणून हे वेगळं लिहितो. जोर-बैठकांनी मांड्या आणि दम तयार असतो, तो फायदा मोठा आहे. पण देशी बैठक चवड्यांवर होते, टाच उचललेली. स्नॅच-क्लीनमध्ये खाली बसल्यावर टाच जमिनीला चिकटलेली हवी, नाहीतर भार पुढे कलंडतो. घोटा आखडलेला असेल तर भिंतीसमोर पाय ठेवा, अंगठा भिंतीपासून चार बोटं, आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल तर रोज प्रत्येक पायाला दोन मिनिटं हाच व्यायाम.

दुसरी अडचण खांदा आणि मनगटाची. क्लीनमध्ये बार खांद्यावर टेकतो, तळहातावर नाही, आणि कोपरं समोर बघतात. कुस्तीत कमावलेल्या पाठीमुळे कोपरं खालीच राहतात. बार मग बोटांवर आणि मनगटावर लटकतो आणि मनगट दुखतं. खाली बसताना कोपर मांडीवर आपटलं तर मनगटाला इजा होऊ शकते, आणि स्पर्धेत कोपर मांडीला किंवा गुडघ्याला लागलं तर लिफ्ट बाद. कुस्ती सोडायला कुणी सांगत नाही. मात्र कुस्तीचा जोरदार सराव आणि जड क्लीन एकाच दिवशी नको.

जर्क

क्लीन झाल्यावर दमलेल्या पायांवर जर्क करायचा असतो, म्हणून तो स्वतंत्रही शिकवतो. बार खांद्यावर, भार पूर्ण पावलावर. गुडघे वाकवून सरळ खाली, उंचीच्या साधारण दहाव्या भागाइतकं, आणि तसंच सरळ वर. छाती पुढे झुकली की बार पुढे जातो आणि पुढे गेलेला जर्क सहसा परत येत नाही. मग पाय पुढेमागे फाकतात: पुढची नडगी उभी, मागची टाच वर, मागचा गुडघा किंचित सैल. सावरताना आधी पुढचं पाऊल मागे, मग मागचं पुढे.

प्लॅटफॉर्मवर चॉकने दोन समांतर रेघा मारतो, कंबरेच्या रुंदीवर. दोन्ही पाय आपापल्या रेघेवरच पडले पाहिजेत. दोन्ही एकाच रेघेवर आले तर दोरीवर चालल्यासारखं होतं आणि बार डोलतो.

सरावाचं प्रमाण

आठवड्यातून तीन दिवस, दिवसाआड. स्नॅच आधी, क्लीन अँड जर्क नंतर, स्क्वॉट शेवटी. तंत्र बसेपर्यंत कमाल वजनाच्या ६० ते ७५ टक्क्यांवर दोन-तीन लिफ्टचे पाच-सहा सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती. दहा-दहाचे सेट स्नॅचमध्ये करायचे नाहीत. पाचव्यानंतर दमलेलं शरीर चुकीची वाट शिकायला लागतं. ओळीने दोन लिफ्ट चुकल्या की वजन साधारण दहा टक्के खाली. यावर वाद घालता येतो, पण आम्ही ऐकत नाही.

तंत्र बरं असेल तर स्नॅच क्लीन अँड जर्कच्या साधारण ८० टक्के भरतो. त्याहून फार कमी असेल तर तंत्रात किंवा खांद्यात काहीतरी अडलंय. क्लीन घेऊन उठताच येत नसेल तर पाय कमी पडतायत.

प्रशिक्षक एका सेटला एकच गोष्ट सांगेल. चार सूचना एकदम डोक्यात घेऊन कुणी बार उचलू शकत नाही. फोनवर चित्रण करायचं तर बाजूने, कंबरेच्या उंचीवर, तीन-चार मीटर लांबून. समोरून काढलेला व्हिडिओ दिसतो छान, पण त्यात बारची वाट कळत नाही. बाजूला उभे राहून पालकांनी ओरडून सूचना देऊ नयेत, ही विनंती.

बार सोडायला पहिल्याच आठवड्यात शिकवतो. स्नॅच पुढे पडत असेल तर बार पुढे ढकलून मागे उडी. मागे जात असेल तर हात ताठ ठेवून बार मागे सोडा आणि पुढे उडी. क्लीनमध्ये अडकलात तर कोपरं खाली, बार पुढे, आपण मागे. बार वाचवायला जाऊ नका, तो रबरी प्लेटांवर पडणार आहे.

घरी सराव करणाऱ्यांना एक सूचना. स्पर्धेच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. लोखंडी छोट्या प्लेट लावल्या की बार खाली जातो आणि पाठ वाकते. प्लेटखाली लाकडी फळ्या ठेवून उंची भरून काढा.

सामान

बूट टणक तळाचे, टाच साधारण दोन सेंटिमीटर उंच. धावायच्या बुटांचा मऊ तळ भाराखाली दबतो आणि घोटा डगमगतो. पहिला महिना साध्या सपाट बुटांवर चालेल, लगेच खर्च करू नका. बेल्ट पहिले सहा महिने नको; स्पर्धेत त्याची रुंदी १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. मनगटाचे पट्टे बारला गुंडाळून ओढणं फक्त सरावात, आणि क्लीनला तिथेही नाही: हात अडकला तर बार सोडता येत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडच्या ओलीने हाताला लावायच्या चॉकचे गोळे होतात आणि बारच्या खरखरीत जाळीत बसून गंज धरतो. चॉक बंद डब्यात ठेवा, सराव संपल्यावर बारला ब्रश मारा. जास्त चॉकने पकड घट्ट होत नाही, तळहात सोलतात.

स्पर्धेला जाताना

वजन घेणं स्पर्धेच्या दोन तास आधी सुरू होतं आणि तासभर चालतं. वजनगट २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये बदलले, त्यामुळे जुन्या तक्त्यावर विसंबू नका. नाव पुकारल्यावर एक मिनिट मिळतं. लागोपाठ तुमचीच पाळी असेल तर दोन. तीन पंचांपैकी दोघांचे पांढरे दिवे लागले की लिफ्ट ग्राह्य. कोपर वाकून मग सरळ झालं तर लाल. "डाउन"चा इशारा येण्याआधी बार खाली आणला तर लाल. खांद्याच्या वरून सोडून दिला तरी लाल. मांडीला तेल किंवा पावडर लावायला बंदी आहे.

पहिला प्रयत्न असा निवडा जो वाईट दिवशीही जाईल. स्नॅचचे तिन्ही प्रयत्न फुकट गेले तर टोटलच लागत नाही. एका किलोची किंमत मोठी असते: २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात २४८ किलो उचलले, सुवर्ण गेलं २४९ ला.

पालकांचे नेहमीचे प्रश्न

उंची खुंटते का? देखरेखीखाली, बेताच्या वजनाने केलेल्या सरावाने उंची खुंटते याला आधार मिळालेला नाही. धोका असतो तो एकट्याने, चुकीच्या पद्धतीने जड उचलण्यात. आंतरराष्ट्रीय युवा गट तेराव्या वर्षापासून सुरू होतो. काठीने तंत्र त्याआधीही शिकता येतं.

वजनगटात बसण्यासाठी मुलांना उपाशी ठेवायचं का? नाही, आणि घाम काढून वजन उतरवणंही नाही. वाढत्या वयात वरच्या गटात खेळू द्या.

सरावाआधी दोन तास पोट जड होईल असं काही नको. मिसळ सकाळी खाल्ली आणि वर्ग संध्याकाळी असेल तर हरकत नाही.

पावडर, गोळ्या, इंजेक्शन? आम्ही काही विकत नाही आणि सुचवतही नाही. डोपिंगच्या नियमांत शरीरात सापडलेल्या पदार्थाची जबाबदारी खेळाडूचीच असते, तो कुणी का दिलेला असेना. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांतही बंदी असलेले घटक असतात. स्पर्धा खेळणाऱ्या मुलाला डॉक्टरकडे नेताना तो खेळाडू आहे हे आधी सांगा आणि औषधाची चिठ्ठी जपून ठेवा.

पहिल्या दिवशी आणायचं सामान: गुडघ्याच्या वर असलेली चड्डी (बार मांडीला कुठे लागतो ते दिसायला हवं), अंगाला बसणारा टी-शर्ट, सपाट बूट, पाण्याची बाटली, जन्मतारखेचा पुरावा, आणि पाठ, खांदा किंवा गुडघ्याची जुनी दुखापत असेल तर तिचे कागद. बांगड्या, अंगठ्या, गळ्यातली साखळी घरी ठेवा.