जेडच्या कुंडीत काळी माती नको

मराठवाड्यात घरातलं जेड, हावर्थिया किंवा एचेवेरिया असं जाड, रसाळ पानांचं झाड मेलं, तर तहानेने मेल्याची शक्यता कमीच. बहुतेकदा घात करते ती काळी माती. ती पाणी पिऊन फुगते, कुंडीत कितीतरी दिवस ओल धरते आणि मुळं हवेवाचून कुजतात. वाळली की भेगाळते, तेव्हा बारीक मुळं तुटतात.

एक भाग लाल माती, दोन भाग विटांचे ३ ते ५ मिलिमीटरचे तुकडे आणि अर्धा भाग गांडूळ खत घ्या. विटांची भुकटी चाळून काढाच, नाहीतर तीच तळाशी घट्ट बसते. कुंडी मातीची, भोक असलेली, झाडाच्या घेरापेक्षा बोटभरच मोठी हवी. तळाशी खडे भरण्याची सवय सोडा. त्यामुळे निचरा सुधारत नाही, उलट ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो.

ही झाडं पानांवरची सूक्ष्म छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, प्रामुख्याने रात्री उघडतात. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रं मिटून त्यापासून साखर करतात. पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं, ते यामुळेच. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी भारतात केलेली ही नोंद १८१५ साली छापली गेली.

म्हणून मे महिन्यात सांभाळा. रात्रीही खोली तापलेली असली की रंध्रं नीट उघडत नाहीत आणि वाढ मंदावते. एचेवेरिया, हावर्थिया तर अशा दिवसांत जवळपास विसावतात. उन्हाळा आहे म्हणून रोज पाणी घालणं त्यांच्या जिवावर बेततं. कूलरच्या झोतातही कुंडी नको, दमट हवेत माती वाळत नाही. पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या उन्हाने पानं भाजतात. खोड लांबून पानं विरळ झाली, तर उजेड कमी पडतोय.

पाणी देण्याआधी लाकडी काडी तळापर्यंत खोचा. ती कोरडी निघाली, तरच भोकातून वाहीपर्यंत पाणी घाला आणि बशी रिकामी करा. बोअरच्या क्षारांचा पांढरा थर दिसू लागला, तर पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.

पानं सुरकुतली आणि मातीही कोरडी असेल, तर तहान आहे. खालची पानं पिवळी, पारदर्शक, लिबलिबीत झाली, तर कूज. जेडचं खोड काळं पडलं असेल, तर स्वच्छ हिरवा गर दिसेपर्यंत काळ्या भागापासून वरच्या दिशेने कापत जा. वरचा निरोगी तुकडा पाच-सहा दिवस सावलीत वाळवून कोरड्या मिश्रणात खोचा आणि मुळं धरेपर्यंत पाणी घालू नका.