वाडग्याकडे बघून तोंड फिरवणाऱ्या कुत्र्यासाठी: कच्चा आहार सुरू करण्याआधी

तुम्ही आमच्याकडून कुत्र्यासाठी गोठवलेल्या कच्च्या मांसाची पाकिटं पहिल्यांदाच नेत असाल, तर हा कागद फ्रीजच्या दाराला लावून ठेवा. किती ग्रॅम घालायचं ते पाकिटामागे छापलेलं आहेच. फोन येतात ते वेगळ्याच कारणाने. "अहो, याने नुसता वास घेतला आणि सोफ्याखाली जाऊन बसलाय. आता काय करू?" हा कागद त्या फोनसाठी आहे.

नखरे की आजार?

लहानपणापासून खाण्यात चोखंदळ असलेला कुत्रा वेगळा, आणि कालपर्यंत वाडगा चाटूनपुसून साफ करणारा पण आज अचानक अन्न सोडणारा वेगळा. दुसऱ्याला आमचं पाकीट नको, डॉक्टर हवा. आपल्याकडे गोचीड ताप काही कमी नाही आणि त्यात भूक आधी मरते. ओठ वर करून हिरड्या बघा. फिक्या दिसल्या तर संध्याकाळची वाट बघू नका. तोंडाला वास येतोय का, एकाच बाजूने चावतोय का, हेही बघून घ्या. दात दुखत असेल तर त्याच्यापुढे काहीही ठेवलं तरी तो नाहीच म्हणणार.

नखरे शिकवतं कोण

कोथरूडला एका घरी आम्ही स्वतः पाकिटं पोचवायला गेलो होतो. बारा किलोची गावठी कुत्री, नाव चिंगी. ताई म्हणाल्या, "काही म्हणजे काही खात नाही हो." चहा होईपर्यंत आम्ही तिथेच बसलो. तेवढ्यात आजोबांनी बशीतलं बिस्किट तिला दिलं. आजींनी तूप लावलेल्या पोळीचा तुकडा टेबलाखालून सरकवला. शाळेतून आलेल्या मुलाने डब्यात उरलेलं चीज भरवलं. चिंगीचा वाडगा मात्र सकाळपासून भरलेला, वर माशी बसलेली. चिंगी उपाशी नव्हतीच. वाडग्याला तोंड लावलं नाही की हातातून काहीतरी बरं मिळतं, हे ती नीट शिकली होती.

म्हणून आमचं पहिलं सांगणं असं, की आहार बदलण्याआधी एक आठवडा घरात कोण काय भरवतं ते लिहून काढा. आजी-आजोबांना विश्वासात घ्या, नुसतं "देऊ नका" म्हणून ते ऐकणार नाहीत. त्यांचा हात रिकामा राहायला नको असेल तर सकाळच्या वाट्यातलाच थोडा खिमा त्यांच्याकडे द्या. (हा उपाय आमच्याच आईवर चालला.)

कुत्रा खात नाही म्हणून वर मटणाचा रस्सा ओतण्याची सवय तर आजच बंद करा. त्यात कांदा-लसूण असतो आणि दोन्हींमुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. रस्सा हवाच असेल तर मीठ-मसाला न घालता चिकन नुसतं उकडा आणि ते पाणी कोमट करून चमचाभर घाला.

नाक आधी, जीभ नंतर

माणसाच्या जिभेवर चवीच्या नऊ हजारांच्या आसपास गाठी असतात, कुत्र्याच्या जिभेवर सतराशेच्या आसपास. तो खायचं की नाही ते नाकाने ठरवतो. फ्रीजमधून काढलेल्या थंडगार गोळ्याला वास येत नाही, आणि तोच गोळा आपण त्याच्यापुढे ठेवतो. वितळलेलं पाकीट न उघडता पाचेक मिनिटं कोमट पाण्यात सोडा. बोट लावल्यावर अंगाइतकं उबदार लागलं की पुरे. मायक्रोवेव्ह वापरू नका. कडा शिजतात, मधला भाग बर्फच राहतो, आणि शिजलेलं हाड पोटात जाणं धोक्याचं.

पहिले दहा दिवस

सुरुवात लाल पट्टीच्या पाकिटाने करा. त्यात बिनहाडाचा चिकन खिमा आहे. आज जे खातो त्यातच तो चमचाभर मिसळा. त्यालाही नाक मुरडलं तर तवा तापवून खिमा बाहेरून फक्त पांढरा होईपर्यंत परता, तेल नको. दर दिवशी तव्यावरचा वेळ कमी करत न्या. आठव्या-नवव्या दिवशी खिमा तव्याला नुसता टेकवून उचलाल तेव्हा बहुतेक कुत्र्यांना फरक कळतही नाही. मग निळ्या पट्टीकडे वळा. त्यात मांस, कलेजी-पेटा आणि बारीक दळलेलं कच्चं हाड आहे. निळं पाकीट परतायचं नाही. लाल पाकिटावर महिना काढायचा विचारही नको, त्यात कॅल्शियम जवळजवळ नाही. पिल्लाला तर ते दहा दिवससुद्धा नको.

वाडगा ठेवा, वीस मिनिटं थांबा, उरलेलं उचला. बोलू नका, "खा ना रे राजा" म्हणून मागे फिरू नका, मधल्या वेळेत काही देऊ नका. पुढच्या जेवणाला ताजं वाढा. धडधाकट मोठ्या कुत्र्याने एखादं जेवण सोडलं तर काही बिघडत नाही. चोवीस तास उलटले तर मात्र आमच्याशी किंवा डॉक्टरांशी बोला. पिल्लांना आणि शित्झू, पॉमेरियनसारख्या लहान जातींना ही शिस्त अशी लावू नका. उपाशी राहिल्यावर त्यांची रक्तातली साखर झपाट्याने उतरते.

किती आणि काय

मोठ्या कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दोन ते तीन टक्के. चिंगीचं वजन १२ किलो, अडीच टक्क्यांनी ३०० ग्रॅम, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दीडशे-दीडशे. निळ्या पाकिटात ८० टक्के मांस, १० टक्के हाड आणि १० टक्के आतले अवयव असतात. अवयवांतली निम्मी कलेजी. हे प्रमाण आमचं नाही. जगभर कच्चा आहार घालणारे साधारण हेच धरतात, आणि ते प्रत्येक कुत्र्याला तंतोतंत पुरतंच असं नाही. म्हणून सहा महिन्यांतून एकदा डॉक्टरांकडून वजन आणि रक्त बघून घ्या.

कलेजीबद्दल जरा थांबून सांगायला हवं. चोखंदळ कुत्रा कलेजी मात्र मिटक्या मारत खातो, आणि मग घरातले रोज खाटकाकडून पाव किलो आणू लागतात. वर सांगितलेल्या हिशोबाने चिंगीच्या वाट्याला दिवसाला १५ ग्रॅम कलेजी येते, म्हणजे जेमतेम एक मोठा चमचा. जास्त झाली तर आधी जुलाब होतात. महिनोन् महिने चाललं तर अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि हाडं-सांधे दुखायला लागतात. शिवाय खाटकाकडची बोकडाची कच्ची कलेजी-फुप्फुसं परस्पर घालू नका. त्यातल्या गाठींमधून कुत्र्याला पट्टकृमी होतात आणि त्यांची अंडी पुढे घरातल्या माणसांपर्यंत पोचतात.

शिजवलेलं हाड कधीच नाही. रविवारच्या मटणातलं नळीचं हाडही नाही. ते सुरीसारखं उभं चिरतं.

कच्चा आहार सुरू झाला की कुत्रा पाणी कमी पितो. घाबरू नका, कोरड्या दाण्यांत दहाएक टक्के पाणी असतं आणि मांसात सत्तरच्या आसपास. शीही कमी आणि घट्ट होते. पांढरी, खडूसारखी झाली आणि तो कुंथत असेल तर हाड जास्त होतंय, दोन दिवस अर्धं पाकीट लाल पट्टीचं घाला. सैल झाली तर घाई झाली असं समजा आणि दोन पावलं मागे या.

जंतूंबद्दल, न लपवता

आम्ही हेच विकतो, तरी सांगतो. कच्च्या मांसात जंतू असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ दरम्यानच्या तपासणीत प्राण्यांच्या कच्च्या अन्नाचे १९६ नमुने पाहिले. १५ मध्ये साल्मोनेला निघाला, ३२ मध्ये लिस्टेरिया. तिथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने २०१२ मध्येच कच्चं घालू नका अशी भूमिका घेतली. उणे अठरा अंशांत जंतू झोपतात, मरत नाहीत. कुत्रा स्वतः बहुधा ठणठणीत असतो आणि त्याच्या शीतून, चाटण्यातून ते आपल्याकडे येतात.

म्हणून पाकीट फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात रात्रभर वितळवायचं, ओट्यावर नाही. वितळलेलं दोन दिवसांत संपवा, परत गोठवू नका. लोडशेडिंगमध्ये पाकीट पूर्ण मऊ झालं असेल तर टाकून द्या, पैशाकडे बघू नका. वाडगा स्टीलचा ठेवा, प्रत्येक वेळी साबण आणि गरम पाण्याने घासा, आणि त्याची घासणी वेगळी.

घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, केमो चालू असलेलं माणूस किंवा फार थकलेले आजी-आजोबा असतील तर कच्चं घालूच नका. कुत्र्याला स्वादुपिंडाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास झाला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अशा घरांसाठी हिरव्या पट्टीचं शिजवलेलं पाकीट आहे. त्यात आमचा फायदा कमी आहे, पण कुत्र्याचं काही अडत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले. खाल्लेल्या कच्च्या चिकनमधून तो आला असावा असा संशय होता. तेव्हापासून आमचा नियम आहे: बर्ड फ्लूची बातमी आली की चिकनची कच्ची पाकिटं बंद, बोकड किंवा म्हैस तेवढी मिळेल. चिडू नका.

पहिल्या खेपेला पाचपेक्षा जास्त पाकिटं आम्ही देत नाही, कितीही आग्रह केला तरी. आणि एकदा घरी गेलेलं पाकीट परत घेत नाही, कारण वाटेत ते किती वितळलं हे कळायला मार्ग नाही. पाचही पाकिटांना कुत्र्याने हात लावला नाही, म्हणजे नाक लावलं नाही, तर ती कशी वाढली ते दुकानात येऊन सांगा. शक्य असेल तर घरातल्या आजींनाही सोबत आणा.