हाडकुळ्या बाळाची चरबी

२००४ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी चक्क स्वतःचाच फोटो छापला. एक पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, म्हणजे तक्त्याप्रमाणे दोघेही ठणठणीत. पण अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२!

वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची ही रीत बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांची, १८३२ च्या आसपासची. ते गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता, रोगी नव्हे. १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी तिला बीएमआय म्हटलं आणि पुढे ती दवाखान्याच्या भिंतीवर जाऊन बसली. चरबी किती नि स्नायू किती, चरबी साठली कुठे, यातलं काहीच हा आकडा सांगत नाही. आपल्याकडे घोडं पेंड खातं ते नेमकं तिथेच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या पथकाने १९९३ पासून जवळच्या ६ गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या या बायकांचं दिवस राहण्याआधीचं वजन सरासरी ४२ किलो. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या पाठीवर, फऱ्याच्या खाली, कातडी चिमट्यात धरून जाडी मोजली गेली. दंड बारीक, पोट बारीक, पण पाठीची चरबी मात्र वजनाच्या मानाने बरीच टिकून. ‘अंगावर मांस नाही’ म्हणून आजी हळहळते ना, ते शब्दशः खरं निघालं. मांस नव्हतं, चरबी होती.

ही मुलं ६ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. गरोदरपणात ज्या आयांच्या रक्तात बी-१२ आणि फोलेट या जीवनसत्त्वांपैकी पहिलं कमी आणि दुसरं जास्त होतं, त्यांच्या मुलांत साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त दिसली. चरकसंहितेने अतिस्थौल्याच्या कारणांत अतिआहार, व्यायाम न करणं, दिवसाची झोप यांच्या जोडीला ‘बीजस्वभाव’ही, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसाही, सांगितला आहे. पुण्याच्या नोंदी बीजापलीकडे आईच्या ताटापर्यंत गेल्या.

अशा शरीराला पुढे मिळालं काय? बसून करायची नोकरी, दारात दुचाकी, १९९४ मध्ये आयात खुली झाल्यावर स्वस्त झालेलं पामतेल आणि त्यात तळलेली पाकिटं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले, तेही बीएमआयची २५ ही जागतिक रेषा धरून. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्येच ही रेषा खाली ओढली होती: २३ पासून जादा वजन, २५ पासून लठ्ठपणा, कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत. माझ्या मते घरात वजनकाट्याआधी टेप हवी. मधुमेह, रक्तदाब, यकृतावरची चरबी, हृदयविकार यांचा माग पोटाच्या घेरावरून जास्त लागतो.

मुलांच्या बाबतीत मात्र ‘खात्यापित्या घरचा’ हे कौतुक आडवं येतं. गुटगुटीत मुलाच्या मानेमागे काळपट, मखमली पट्टा उमटतो. अनेकदा ती रक्तात वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. आई तो मळ समजून रविवारी वजरीने घासत बसते.