मास कल्चर अन् पॉप कल्चर एकच नाही भाऊ

आपल्या नागपूरचा व्हायरल चहावाला, डॉली चायवाला, हे मास कल्चर की पॉप कल्चर? त्याच्या सदर भागात चहाला उभ्या असलेल्या कोणालाही विचारा, आधी तर म्हणेल काय फरक पडते बे, चहा घे. पण फरक पडते. आपण "हे सगळं टीव्हीनं बिघडवलं" किंवा "मोबाईलनं पोरं वाया गेली" म्हणतो ना, त्यात हे दोन वेगळे प्रकार एकाच पिशवीत कोंबलेले असतात आणि मग भांडण भलतीकडेच जातं.

मास कल्चर म्हणजे एका ठिकाणी बनवून सगळीकडे सारखंच पाठवलेलं. सिरीयल, सिनेमा, जाहिरात, आयपीएल. मुंबईत एडिट झालेला एपिसोड नागपूरच्या महाल भागात जो दिसतो तोच मेळघाटात दिसतो, तुम्ही त्यात एक डायलॉगही बदलू शकत नाही, फार तर चॅनल बदलाल. पॉप कल्चर म्हणजे तो माल घरात, गल्लीत, लग्नात, मिरवणुकीत आल्यावर लोक त्याचं जे काय करतात ते. वस्तू बहुतेक वेळा एकच असते म्हणून गोंधळ होतो. अडोर्नो आणि होर्कहायमर या जर्मन विचारवंतांनासुद्धा या गोंधळाची भीती होती, १९४० च्या दशकात त्यांच्या कच्च्या मसुद्यात "मास कल्चर" हाच शब्द होता, तो काढून त्यांनी "कल्चर इंडस्ट्री" केला, कारण नाहीतर लोकांना वाटलं असतं की हे जनतेतूनच उगवलंय. त्यांचं म्हणणं होतं की हे उगवलेलं नाही, कारखान्यात बनवलेलं आहे.

आता डॉली. ते लांबून दूध ओतणं, तो गॉगल, हातवारे करत सुट्टे पैसे परत देणं, ही स्टाईल साउथचे सिनेमे पाहून उचलली असं त्यानं स्वतःच सांगितलंय. म्हणजे सुरुवात मास कल्चरपासूनच, पडद्यावरचा हिरो कोट्यवधी लोकांनी पाहिला. पण तो हिरो चहाच्या पातेल्यावर उतरवायचं डोकं कोणत्या स्टुडिओचं नव्हतं, ते सदरच्या टपरीवरचं, आणि ते पाहायला लोक गाडी थांबवायचे, हे झालं पॉप कल्चर. मग व्हिडिओ फिरले, फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्ससोबतची रील आली (ती शूट झाली हैदराबादला, आणि समोर कोण उभा आहे हे डॉलीला माहीतही नव्हतं) आणि २०२५ मध्ये फ्रँचायझीची जाहिरात. फ्रँचायझी म्हणजे तेच सगळीकडे सारखंच पाठवणं, म्हणजे फिरून गाडी मास कल्चरवर. एकाच माणसात दोन्ही, फक्त वेगवेगळ्या टप्प्यावर.

पण मला विचाराल तर हा फरक नागपुरात सगळ्यात स्पष्ट दिसतो तो मारबतीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्हा पोळ्याला, इकडे पोरं लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरून राहिलेली असतात आणि तिकडे इतवारीत काळी मारबत, पिवळी मारबत, म्हणजे गावची पीडा घेऊन जाणाऱ्या बायांच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, एकोणिसाव्या शतकापासूनची परंपरा. मारबत हा मीडियाचा विषयच नाही, ते लोकसंस्कृतीचं काम, पिढीनं पिढीला दिलेलं. मजा आहे ती तिच्यासोबत निघणाऱ्या बडग्यांमध्ये. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद, जुने कपडे, रंगवलेलं तोंड आणि गळ्यात पाटी. पाटीवर काय असतं? महागाई, भ्रष्टाचार, दहशतवाद, खड्डे, एखादा नेता, एखादा घोटाळा. म्हणजे वर्षभर पेपरनं आणि न्यूज चॅनलनं जे डोक्यात घातलं तेच. अमेरिकेत मॅककॉम्ब्स आणि शॉ या दोन अभ्यासकांनी १९६८ च्या निवडणुकीचा अभ्यास करून १९७२ मध्ये हेच मांडलं होतं, मीडिया ज्या मुद्द्यावर भर देतो तोच मुद्दा मतदारालाही महत्त्वाचा वाटायला लागतो, याला अजेंडा सेटिंग म्हणतात. बडग्याची पाटी वाचली की अजेंडा सेटिंग डोळ्यांनी दिसतं, वेगळा क्लास लावायची गरज नाही.

पण पाटीचा विषय आला पेपरातून म्हणून बडग्या पेपरचा होत नाही. पेपरात त्या नेत्याचा फोटो मानानं छापलेला असतो, इथे त्याचं तोंड काळं असतं. चॅनलवर महागाई म्हणजे चार पाहुण्यांची चर्चा आणि खाली धावणारी पट्टी, इथे ती ढोलताशात "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत नेऊन जाळायची गोष्ट. कशावर बोलायचं ते मीडियानं ठरवलं, काय बोलायचं ते गल्लीनं. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बडग्यांचेच फोटो, म्हणजे माल परत मालकाकडे, पण तोंडाला काळं फासून.

हे वाचून कोणी म्हणेल, म्हणजे लोक लई हुशार, मीडिया काही करू शकत नाही. असं काही नाही. लग्नं बघा. आपल्याकडे नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, कानपिळी, आणि त्याचा मान वसूल करतो. १९९४ च्या एका सुपरहिट हिंदी सिनेमानंतर करवल्यांनी जोडे लपवणं जे सुरू केलं ते आता मराठी लग्नातही इतकं मुरलं की नव्या पोरींना ते आपलंच वाटते. मग संगीत आलं, मेहंदीचा वेगळा कार्यक्रम आला, हळदीला सगळ्यांनी पिवळंच घालायचं आलं, घरची हळद बिचारी कोपऱ्यात आणि मधोमध फुलांचा सेट, फोटोग्राफर सांगेल तेव्हा हळद लावायची. इथे लोकांनी मालाचं काही वेगळं केलं का? थोडंफार केलं, मामी संगीतात नऊवारीत नाचते, भावगीतावर रिमिक्स वाजते, पण साचा वरूनच आलेला. याला मी पॉप कल्चर कमी आणि मास कल्चर जास्त म्हणेन, मामी रागावली तरी चालेल.

उलटा प्रवासही असतो. जॉन फिस्क या अभ्यासकानं १९८९ मध्ये फाटक्या जीन्सचं उदाहरण दिलं होतं, लोकांनी कंपनीची जीन्स मुद्दाम फाडून आपली केली, तर कंपनीनं फाटकीच विकायला काढली. सीताबर्डीच्या फूटपाथवर आज फाटकी जीन्स नवीकोरी मिळते, गुडघा कारखान्यातच फाडलेला.

फिस्कचं लोकांवर जरा जास्तच प्रेम होतं असं मला वाटते, पण दीक्षाभूमीवर गेलं की त्याचं म्हणणं पटते. अशोक विजयादशमीला, म्हणजे १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आठवणीत, लाखो लोक येतात आणि पुस्तकांच्या स्टॉलच्या रांगेत भीमगीतं वाजत असतात. ही गाणी मोठ्या चॅनलवर तुम्ही किती ऐकली? लोककवी वामनदादा कर्डक गावोगाव गाऊन लोकांपर्यंत पोचले, नंतर स्वस्त कॅसेटनं काम सोपं केलं, मग सीडी, पेन ड्राईव्ह, आता यूट्यूब. कितीतरी गाण्यांची चाल सरळ हिंदी सिनेमातली उचललेली. चाल मास कल्चरची, प्रेमाबिमाचे शब्द काढून तिथे बाबासाहेब आणि संविधान बसवलं, अन् गाणं पूर्ण दुसऱ्याचं झालं. लोक नाक मुरडतात की कॉपी आहे. अरे चाल ओळखीची होती म्हणूनच तर दुसऱ्या कडव्याला अख्खी वस्ती सोबत गायला लागते.

आता जिथे मला खरंच टोचते ते सांगतो, आपली बोली. वर्षानुवर्षे सिरीयलमधली सून, सासू, डॉक्टर, वकील सगळे पुण्या-मुंबईचं मराठी बोलतात, आणि "काय करून राहिला बे" म्हणणारा आला की समजायचं, हसायची वेळ झाली. भारत गणेशपुरे २०१४ पासून "चला हवा येऊ द्या" मध्ये वऱ्हाडी बोलले, पूर्ण महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं, मलाही लई आवडलं, त्यांच्या टायमिंगला तोड नाही. पण त्यानंतर पुण्यात कॉलेजला गेलेल्या आपल्या पोरांना "वऱ्हाडीत काहीतरी बोल ना" अशी फर्माईश होते ती का? तिकडच्यांना ही बोली भेटली ती कॉमेडीच्या स्टेजवरच. रडणारा, रागावलेला, प्रेमात पडलेला वऱ्हाडी माणूस त्यांनी कमीच पाहिला. इथे प्रेक्षक कितीही हुशार असो, जो माल दुकानातच ठेवला नाही त्याचं तो काय करणार?

रीलमुळे हे थोडं हलून राहिलं आहे. अमरावती, अकोला, नागपूरची पोरं स्वतःच्या बोलीत घरातलं भांडण, शेतातला वैताग, बापाचा तिरसटपणा टाकतात. फोन त्यांचा, शब्द त्यांचे, म्हणून हे पक्कं पॉप कल्चर वाटते, पण कोणती रील वर येईल ते अल्गोरिदम ठरवतो, आणि त्याला चालणारं बॅकग्राउंड म्युझिक तेच असते जे इंदूर, पाटण्यात चालू आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, नाटकवाल्यांना हा सौदा जुना आहे. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, दिवसांत पोस्टर लागतात, त्यावर सिरीयलमधल्या पाहुण्या कलाकाराचं नाव मोठ्या अक्षरात, गर्दी खेचायला. नाटक मात्र झाडीतल्या लोकांचं, रात्रभर चालणारं, आणि त्या पाहुण्यालाही तिथल्याच प्रेक्षकाच्या शिट्ट्या किंवा शिव्या सहन कराव्या लागतात.